पट्टीखालचा आकडा

मंगळवार, १५ ऑक्टोबर

धाकले मामा गेले. पहाटे, पाच वाजायच्या आत. प्रेमाआत्यांचा आवाज आमच्या मोरीपर्यंत आला, तेव्हाच कळलं.

माझ्या सासऱ्यांचे, म्हणजे मामांचे, सख्खे धाकटे भाऊ. आबाराव नाव, प्रेमाआत्या त्यांची बायको. आमच्यापासून दोन घरं सोडून घर. पण बावीस वर्षं त्यांचा पाय आमच्या उंबऱ्याला लागला नाही, आमचा त्यांच्या नाही. कालचा दिवस सोडून.

कालचं लिहून टाकते. सुतक लागलंय, पूजा नाही, सकाळची वेळ मोकळी पडली आहे आणि हातांना काही सुचत नाही.

काल दुपारी प्रेमाआत्या स्वतः आल्या. दाराबाहेरच उभ्या राहिल्या. पदर तोंडाला लावून मामांना म्हणाल्या, "भावजी, चला. ते तुमचं नाव घ्यायलेत." मामांना ऐकू गेलं — कानाचं मशीन लावलेलं होतं.  टोपी घातली, काठी घेतली, निघाले. मी तांब्याभांडं घेऊन मागं.

धाकल्या मामांना दवाखान्यातून घरी आणलेलं होतं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलेलंच. मामा खाटेशी बसले. धाकल्या मामांनी त्यांची मान खाली ओढली आणि कानाशी तोंड नेऊन बोलायला लागले. लई वेळ बोलत होते. मधे दम लागायचा, थांबायचे, परत बोलायचे. पायाशी प्रेमाआत्या होत्या. मी दारात. मला नुसती कुजबुज ऐकू येत होती.

आणि माझी नजर मामांच्या खिशाकडं गेली. मशीनची डबी खिशात असते, वायर कानात. चालू असलं की बारीक लाल दिवा लागतो, पातळ सदऱ्यातून दिसतो.

दिवा नव्हता!

 काय करणार होते मी? मरणाऱ्या माणसाला थांबा म्हणू, घरून सेल घेऊन येते म्हणू? मामा मान हलवत होते. मग म्हणाले, "व्हय. व्हय आबा." दोनदा. धाकल्या मामांनी डोळे मिटले. चेहरा असा सैल पडला — डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घेतल्यावर पडतो तसा.

घरी आल्याबरोबर मशीन मागून घेतलं. नेहमीसारखं बटण मागं, सेल काढला, दुसरा घातला, बटण पुढं. दिवा लागला. म्हणजे सेलच संपलेला.

दसऱ्याला मीच भरून घातला होता तो. दोन दिवसांत संपला. दारात ऐकू येतं आणि पन्नास पावलांवर सेल संपतो!

देवा, भावाचा शेवटचा शब्द माझ्या हातून हुकला.


बुधवार, १६ ऑक्टोबर

मामा बोलत नाहीत. भाकरी कुस्करून ठेवली, खाल्ली नाही. मशीन काढून उशाखाली ठेवलंय.


रविवार, २० ऑक्टोबर

भैरोबाचा वार, आणि देव्हाऱ्यावर कापड टाकलेलं. सुतकात दुसरं काय. म्हणून सेलचं लिहिते. मनातल्या मनात रोज म्हणतेच आहे, कागदावर तरी नीट मांडावं.

मामांच्या मशीनला एक पेन्सिल सेल लागतो. पूर्वी साधे आणायचो, संपले की टाकून द्यायचे. मग माझी अर्पिता सोलापूरला नर्सिंगला गेली आणि तिनं चार्जिंगच्या सेलची जोडी आणि चार्जर आणून दिला. त्या सेलवर आकडा २०००. चांगले चालले. दहा-बारा दिवस बघावं लागायचं नाही. त्यातला एक मोरीत पडला आणि बाद झाला. दुसरा भिंतीवरच्या घड्याळात आहे.

मग चैत्रात सोनारीच्या यात्रेला गेलो. देवळाच्या उताराला एक जण पाल टाकून बसलेला. टॉर्च, रिमोट, सेल. अर्पिताच्या दोन सेलला जेवढे पडले, त्याच्या निम्म्यात ह्याचे चार! आणि आकडा बघितला तर ४८००. मी दहावी झालेली बाई, घरातली मीठमिरची वहीत लिहिणारी. दोन हजारापेक्षा अठ्ठेचाळीसशे मोठे — ह्यात चुकण्यासारखं काय आहे? आकडा खोटा असू शकतो हे मनालाच शिवलं नाही.

अर्पिता फोनवर म्हणालीसुद्धा होती, "आई, जत्रेतले नको घेऊ गं." मी म्हटलं, देवाच्या दारात बसून कोण खोटं विकेल?

असं म्हटलं होतं मी.

पहिल्यापासून ते सेल दोन-अडीच दिवसांवर चालले नाहीत. मला वाटायचं, मामा झोपताना मशीन बंद करायला विसरत असतील. मी उलट मामांनाच बोलायची. प्रत्येक सेलवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळली आणि वर भरल्याची तारीख लिहायला लागले. सगळं अंग झाकून टाकलं त्यांचं, आकड्यासकट. यात्रेतले चार आणि घड्याळातला एक, मिळून पाच. दसऱ्याची तारीख असलेला बाजूला काढून देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवलाय. त्याला हात लावावासा वाटत नाही.


गुरुवार, २४ ऑक्टोबर

दहावा. पिंड ठेवला आणि ताम्हण खाली ठेवायच्या आत कावळा शिवला. नदीकाठी सगळ्यांनी हात जोडले. भावकीतली माणसं म्हणाली, आबारावच्या मनात काही राहिलं नाही.

मामा जरा लांब, बाभळीखाली उभे होते.

ज्या 'व्हय'वर तो माणूस सुखानं गेला, तो 'व्हय' ऐकून म्हटलेलाच नव्हता. हे मला एकटीला ठाऊक आहे. 


रविवार, २७ ऑक्टोबर

तेरावा झाला. पंगत उठल्यावर प्रेमाआत्यांनी मला चुलीपाशी बसवून घेतलं. हात धरला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, "पोरी, तुझा सासरा देवमाणूस हाय. माझा माणूस हलका होऊन गेला." आणि त्या दुपारी कानाशी काय बोलणं झालं ते सांगितलं.

टाकाचंच होतं.

मी ह्या घरात आले त्याच वर्षीची गोष्ट. तेव्हा दोघं भाऊ एकत्र होते. देव्हाऱ्यातले टाक — चांदीच्या पत्र्यावर ठसवलेले आमचे कुळाचे देव — दर चैत्रात सोनारीला नेऊन मूळ देवाला भेटवून आणायचे. त्या वर्षी देवांचं गाठोडं धाकल्या मामांकडं होतं. घरी येऊन सोडलं तर भैरोबाचा टाक नाही! शोधशोध झाली. आणि मामा भर अंगणात, भावकीसमोर म्हणाले, "आबा, देव विकून खाल्लास का रं?" धाकल्या मामांनी उत्तर दिलं नाही. संध्याकाळपर्यंत त्यांची चूल वेगळी झाली. माझ्या सासूबाई तुळजाबाई, त्या जाईपर्यंत म्हणत होत्या, आबा असं करणार नाही. मामा उठून जायचे.

तेव्हापासून त्या टाकाच्या जागी मी सुपारी मांडते. तिलाच भैरोबा म्हणून गंध लावते. नवा टाक करायला मामा तयार नाहीत.

प्रेमाआत्या म्हणाल्या, शेवटी ते एवढंच सारखं सांगत होते — "दादा, टाक म्या न्हाय घेतला. तेवढं खरं मान." आणि भावजी व्हय म्हणाले.

मी चुलीतल्या राखेकडं बघत बसले.


शुक्रवार, १ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. आम्हाला सण नाही. देव्हाऱ्यात एकच पणती लावली. मामा समोर येऊन बसले, मशीन न लावता. सुपारीकडं बघत होते. मी मुद्दाम भांडी सावकाश घासली.


मंगळवार, ५ नोव्हेंबर

रविवारी सकाळी भरलेला सेल आज दुपारी संपला. दुसरा त्याच्या आधी दीड दिवस गेला. तिसरा दोन दिवस. सगळं लिहून ठेवलंय.

ऐकू आलं नाही की मामा गप्प बसत नाहीत. "काय? मोठ्यानं बोल की!" म्हणून समोरच्यावरच ओरडतात. आज दूधवाल्यावर ओरडले. त्या दिवशी मात्र एकदाही 'काय' म्हणाले नाहीत. मरणाच्या खाटेशी कसं म्हणणार.

शेवटी ह्यांना सांगितलं. दिवा विझलेला होता ते. ह्यांनी आधी थट्टेवारी नेलं, म्हणाले, "देवाला फुलं कमी आणि सेलला पट्ट्या जास्त लावायलीस तू." मग माझं तोंड बघितलं आणि टॉवेल झटकत म्हणाले, झालं गेलं, प्रेमाकाकूला सांगू नकोस, तिला तेवढाच आधार आहे. मामांना सांगू का म्हटलं, की धाकल्या मामांनी काय सांगितलं होतं? तर म्हणाले, बापू, म्हणजे मामाच, भडकला तर जो एक 'व्हय' आहे तोही जाईल.

दोन्हीकडून बरोबर आहे त्यांचं. आणि मला माळ ओढताना मणी पुढं सरकत नाही.


शुक्रवार, ८ नोव्हेंबर

परंड्याला गेले. घड्याळ-रेडिओ दुरुस्ती करणारे माणिकप्पा, त्यांचं दुकान स्टँडच्या मागं. मामांचं मशीन त्यांनीच दोनदा सांधून दिलंय. यात्रेतला एक सेल, पट्टी सोडवून, त्यांच्यापुढं ठेवला.

आकडा वाचून हसायला लागले. "वहिनी, एवढं मावत असतं तर म्या ह्याच्यावर मोटारसायकल चालवली असती!" मग भिंगाचा चष्मा कपाळावर सारून नीट सांगितलं. हा आकडा म्हणजे घागरीत पाणी किती मावतं ते. पेन्सिल सेलची घागर एवढीच असते, तिच्यात दोन, सव्वादोन, फार तर अडीच हजारावर थोडं मावतं. त्याच्या पुढं कितीही लिहिलं तरी ती नुसती शाई. खऱ्या मालावर आकडा छोटा असतो.

सेल तळहातावर घेऊन वरखाली केला. म्हणाले, वजन बघायला शिका. चांगला सेल हाताला भरीव लागतो. हा पोकळ आहे. टॉर्चचे जाड सेल येतात, तसला एक त्यांनी फुटलेला बघितलाय — आत करंगळीएवढा सेल आणि बाकी पांढरी भुकटी! घरी फोडून बघू नका म्हणाले, पेट घेतो.

मी विचारलं, मग चार्जरवर हिरवा दिवा कसा लागतो? म्हणाले, छोटी घागर लवकर भरते, म्हणून लवकर हिरवा.

ह्यावर मला हसू यायला पाहिजे होतं.

दोन सेल घेतले. आकडा २०००. त्यांनी बनवल्याचा महिना दाखवला, दुकानाचं बिल दिलं, नाही चालले तर परत आणा म्हणाले. आणि बजावलं — नवा-जुना एकत्र घालायचा नाही, घातल्याबरोबर विश्वास ठेवायचा नाही. आधी टॉर्चमध्ये जोडी घालून घड्याळ लावायचं, किती वेळ चालते बघायचं. जोखीम कशाची आहे, रेडिओचीच ना? असं विचारलं त्यांनी.

मी म्हटलं, नाही. रेडिओची नाही.


रविवार, १० नोव्हेंबर

सांगून टाकलं.

सकाळी सुपारीला गंध लावताना वाटलं, देवापुढं हे किती दिवस लपवू. तशीच गेले. प्रेमाआत्या सुपात ज्वारी निवडत होत्या. सव्वा महिना व्हायचाय, घराबाहेर पडत नाहीत. मी आडवळण घेतलं नाही. सेल माझा होता, स्वस्तातला होता, त्या वेळी मशीन बंद पडलेलं होतं, मामांना काही ऐकू गेलेलं नाही.

बोटं ज्वारीत तशीच राहिली.

 बाहेरून प्रचाराची गाडी गेली, तिचा आवाज पार लांब विरला. मग म्हणाल्या, "म्हंजे ते फुकटच हलके झाले म्हण की."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी सोडवून घेतले नाहीत, डोक्यावर हातही ठेवला नाही. सुपातला एक खडा काढून लांब टाकला. निघताना दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "चोविसाच्या रविवारी सव्वा महिना सरतोय. नैवेद्य घेऊन येते तुमच्या देवाला. त्यांचं बोलणं माझ्या तोंडानं सांगते भावजींना. मग व्हय म्हणू देत, न्हायतर न्हाय म्हणू देत. पण मशीन चालू ठेव बाई."

ठेवते म्हटलं. दुसरं काही बोलायची माझी लायकी नव्हती.


गुरुवार, १४ नोव्हेंबर

यात्रेतली जोडी काल रात्री टॉर्चमध्ये घातली. आठ वाजता लावली, पावणेनऊला काजवा झाली.

नवी जोडी भरून आज सकाळी आठ वाजता लावली. स्वयंपाक झाला, धुणं झालं, शेंगा फोडून झाल्या. टॉर्च सुपारीच्या डब्यावर तशीच जळत होती. दुपारी दोननंतर मंद झाली. सहा तास!

परत भरायला लावली. एकदा चालली म्हणून खात्री नको. उद्या परत बघायचं.


रविवार, १७ नोव्हेंबर

दुसऱ्यांदाही सहा तास. तिसऱ्यांदाही. काल एक सेल मामांच्या मशीनमध्ये घातला.

मामांना आता सगळं ऐकू येतंय आणि ते वैतागलेत. "ह्या घरात एवढा कालवा कशाचा हाय?" म्हणाले. मिक्सरचा आहे म्हटलं. ह्यांच्या घोरण्याबद्दलही बोलले. हे म्हणाले, आता मशीन काढून झोपा की. मामा म्हणाले, "म्हंजे तुला घोरायला मोकळं रान."

कितीतरी दिवसांनी घरात कुणी हसलं. मला मात्र धड हसता आलं नाही. तो लाल दिवा सारखा तपासते मी. जेवायला वाढताना, पाणी देताना. मामांच्या ते ध्यानात आलंय. आज म्हणाले, "माझ्या खिशात काय बघत असतीस गं?" सेल बघते म्हटलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग ताटाकडं. म्हणाले, "तुझ्या सेलला काय झालं न्हाय. तू जेव."

मला बरं वाटावं म्हणून म्हणाले असतील.

पुढच्या रविवारी येणाऱ्या पाहुणीबद्दल सांगितलं त्यांना. प्रेमाआत्या येणार, काही बोलायचंय त्यांना. मामा "येऊ दे" एवढंच म्हणाले.


गुरुवार, २१ नोव्हेंबर

काय समजायचं?

यात्रेतले सेल घरात नकोत म्हणून चारही पिशवीत टाकून माणिकप्पांकडं नेले. त्यांच्याकडं कचऱ्यात न टाकता वेगळे ठेवतात. दसऱ्याची पट्टी असलेलाही नेला. छातीवर दगड ठेवूनच उचलला तो.

माणिकप्पा म्हणाले, थांबा, तुमची खात्री करून देतो. शेजारच्या सोनाराकडं घेऊन गेले, दागिन्याच्या काट्यावर ठेवायला. सोनारानं पिशवी बघून विचारलं, "काय आणलंय वहिनी, टाक का?" मी नुसती नाही म्हणून मान हलवली.

एकेक ठेवला. पंधरा ग्रॅम. पंधरा. सोळा.

दसऱ्याचा ठेवला — सत्तावीस.

माणिकप्पांनी नखानं पट्टी सोलली. खाली आकडा २०००. अर्पिताचा सेल! दुकानात नेऊन मीटर लावला. म्हणाले, "हा तर भरलेला हाय वहिनी. सव्वा महिना पडून असूनसुद्धा. ह्याला मेला म्हणून कुणी सांगितलं?"

घरी येऊन घड्याळ उतरवलं. त्यात यात्रेतला सेल! ह्यांना विचारलं तर सहज म्हणाले, दसऱ्याला घड्याळ बंद पडलं होतं, मीच त्यातला काढून डब्यातला घातला, आणि काढलेला तुझ्यापुढं ठेवला की भरायला. घड्याळाला काय, मेलेला सेलसुद्धा चार महिने पुरतो.

म्हणजे त्या दुपारी मामांच्या खिशात खरा सेल होता. भरलेला.

मग दिवा का नव्हता? हे मी माणिकप्पांनाच विचारलं होतं. त्यांनी खांदे उडवले. बटण मागं केलेलं असेल म्हणाले. सदऱ्यात घासून आपोआप सरकतं का, मी विचारलं. तर म्हणाले, "न्हाय हो, लई टाईट बटण हाय ते. मीच बसवलंय."

मामांना विचारावं का? तोंडापर्यंत येतं आणि परत जातं.


शनिवार, २३ नोव्हेंबर

सेल सकाळपासून चार्जरवर. देव्हारा चिंचेनं उजळला. प्रेमाआत्यांसाठी पाट काढून ठेवला, बावीस वर्षांपूर्वी त्या ज्यावर बसायच्या तोच, माळ्यावर होता.

भैरोबा, माझ्या हातात होतं तेवढं केलं. उद्या जे खरं असेल ते त्यांच्या कानात पडू दे.


रविवार, २४ नोव्हेंबर

प्रेमाआत्या आल्या. सुपारीपुढं नैवेद्य ठेवला, पाटावर बसल्या. मामा समोर. दिवा लागलेला होता, मी दोनदा बघितला.

त्यांनी पदर सावरला आणि त्यांचं तोंड उघडायच्या आत मामांचा अंगठा खिशात गेला. बटण मागं, दिवा विझला — त्या दुपारसारखाच. आत्यांची नजर खाली होती, त्यांना दिसलं नाही. त्या बोलत राहिल्या, धाकल्या मामांचा शब्द न् शब्द. मी भिंतीला धरून उभी.

त्यांचे ओठ थांबेपर्यंत मामा बघत राहिले. मग म्हणाले, "व्हय बाई. आबानं टाक न्हाय घेतला. मला पहिल्या दिवसापासनं ठाव हाय. रागात तोंडातनं गेलं, मागं घेता आलं न्हाय."

दिवा बंदच होता.